कार्ट्रिज, इमेजिंग आणि साउंडस्टेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इमेजिंग आणि साउंडस्टेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

हो. डोळे मिटल्यावर गायिका नेमकी कुठे बसली आहे, तबला तिच्या कोणत्या बाजूला आहे, पेटी किती मागे आहे, हे बोट दाखवून सांगता आलं की इमेजिंग चांगलं. साउंडस्टेज म्हणजे हे सगळे बसलेत तो मंच: त्याची रुंदी, खोली, मागच्या भिंतीचा अंदाज. मंच ऐसपैस वाटतो पण माणसं धूसर, असं पुष्कळदा होतं. त्याचं कारण शोधावंच लागतं, कारण चुकीचं जोडलेलं कार्ट्रिजसुद्धा (सुई धरणारा, खाच वाचून तिचा विजेचा संकेत बनवणारा टर्नटेबलचा भाग) मंच रुंद भासवू शकतं. त्याबद्दल पुढे.

कार्ट्रिजचा यात संबंध कुठे येतो? ते तर फक्त खाच वाचतं.

वाचतं, पण एका खाचेतून दोन चॅनल वाचतं आणि खरी गोम तिथेच आहे. स्टिरिओ रेकॉर्डची खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते. दोन्ही भिंती उभ्या रेषेपासून ४५ अंशांवर. केंद्राकडच्या भिंतीवर डावा चॅनल, काठाकडच्या भिंतीवर उजवा. ही कल्पना ईएमआयच्या ॲलन ब्लुमलाइन यांची. पेटंटसाठी त्यांनी डिसेंबर १९३१ मध्ये अर्ज केला. बाजारात स्टिरिओ एलपी सर्रास यायला मात्र १९५८ उजाडलं.

दोन्ही चॅनलमध्ये सारखाच आवाज असेल तर सुई नुसती आडवी हलते. दोघांत फरक असेल तेव्हा ती खालीवरही होते. म्हणजे मधोमध बसलेला गायक आडव्या हालचालीत असतो, आणि डावं-उजवं ज्यामुळे कळतं ती माहिती उभ्या हालचालीत. सुई किंचित तिरकी बसली, आतल्या दोन कॉइलपैकी (तारेची वेटोळी, दर चॅनलला एक) एक जास्त बोलकी निघाली किंवा वरच्या पट्टीत सुई मागे पडायला लागली, की या दोन हालचाली एकमेकींत मिसळतात आणि मंच विस्कटतो.

चॅनल सेपरेशन किती डेसिबल असावं? ३० असलेलं कार्ट्रिज २२ वाल्यापेक्षा चांगलं ना?

सेपरेशन म्हणजे एका चॅनलचा आवाज दुसऱ्यापासून किती वेगळा राहतो ते. या आकड्याला फाजील महत्त्व मिळालं आहे. दोन स्पीकरमध्ये साधारण १५ ते १८ डेसिबलचा फरक पडला, की कानाला आवाज पूर्णपणे एका स्पीकरमधूनच येतोय असं वाटतं. त्यामुळे २० डेसिबलच्या पुढचं सेपरेशन कागदावर जितकं मोठं दिसतं तितकं कानाला जाणवत नाही. सीडीचं सेपरेशन कितीतरी जास्त असतं, तरी सीडीवर मंच आपोआप भव्य होतो असं कुणी म्हणत नाही.

माहितीपत्रकावरचा आकडा बहुतेक वेळा फक्त १ किलोहर्ट्झचा असतो. १० किलोहर्ट्झला तो घसरतो, आणि झांज, टाळ, तारेची झणक, श्रोत्यांच्या टाळ्या यांची जागा कान ठरवतो ती मुख्यतः वरच्या पट्टीवरून. उत्पादकाने १० किलोहर्ट्झचा आकडा किंवा आलेख दिला असेल तर तो बघा. दिला नसेल तर २२ आणि २५ यांची तुलना करण्यात वेळ घालवू नका.

मग पत्रकावर बघायचं काय?

चॅनल बॅलन्स. दोन्ही चॅनलच्या पातळीत किती फरक असू शकतो, ते. स्वस्त कार्ट्रिजांना दीड-दोन डेसिबलपर्यंत मुभा दिलेली असते, महागड्यांना एक किंवा त्याहून कमी. स्पीकर दोन मीटर अंतरावर असतील तर दोन डेसिबलच्या फरकाने गायक मधून जवळपास वीतभर सरकतो. फरक सगळ्या पट्ट्यांत सारखा असेल तर अँप्लिफायरवरच्या बॅलन्सच्या बटणाने तो निघतो. खालच्या स्वरांत एक आणि वरच्या स्वरांत दुसराच असेल, तर तान वर गेली की गायक हलतो. तो दोष बटणाने जात नाही.

सुईचा कोणता कट घ्यावा?

खर्च करायचाच असेल तर इथे करा. बॉडीपेक्षा, ब्रँडपेक्षा, एमएम (हलतं लोहचुंबक) की एमसी (हलती कॉइल) या वादापेक्षा हिऱ्याच्या टोकाचा आकार इमेजिंगसाठी जास्त महत्त्वाचा, असं माझं ठाम मत आहे. कारण साध्या भूमितीत आहे.

३३⅓च्या एलपीवर बाहेरच्या काठाशी खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर वेगाने सरकते. लेबलजवळ तोच वेग २१ सेंटीमीटरवर येतो. म्हणजे १० किलोहर्ट्झची एक लाट काठाशी ५१ मायक्रॉन लांब असते, आणि बाजू संपत येते तेव्हा अवघी २१ मायक्रॉन. शंकूच्या आकाराच्या, म्हणजे कॉनिकल सुईच्या टोकाची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन असते. एवढं बोथट टोक २१ मायक्रॉनच्या लाटेत उतरणारच नाही. ते वरच्यावर घसरत जातं. इलिप्टिकल, म्हणजे लंबवर्तुळाकार सुईच्या बाजूची त्रिज्या ८ मायक्रॉनच्या आसपास, ती बरंच खाली उतरते. मायक्रोलिनिअर कटची तीच त्रिज्या सुमारे ३ मायक्रॉन.

कानाला हे कसं कळतं? रेकॉर्डची बाजू सुरू होते तेव्हा तंबोरा गायकाच्या मागे पसरलेला असतो. शेवटच्या द्रुत बंदिशीपर्यंत तो आक्रसतो, गायकाच्या 'स'ला फेस येतो आणि सगळं स्पीकरच्या मधल्या पट्ट्यात गोळा होतं. पुष्कळांना वाटतं रेकॉर्डच तशी आहे. थोडीफार असतेही, पण चांगल्या कटच्या सुईने वाजवली की शेवटची पाच मिनिटं सुरुवातीसारखीच उभी राहतात. लांब आलाप ते जलद 'झाला' अशी चढत जाणारी मांडणी असलेल्या आपल्या संगीताला हा फरक विशेष जाणवतो. सगळ्यात दाट, सगळ्यात जलद संगीत नेमकं लेबलजवळ, सगळ्यात वाईट जागी येतं.

शिबाटा कटची गंमत अशी, की तो मुळात स्टिरिओसाठी नव्हताच. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जेव्हीसीने चार चॅनलच्या रेकॉर्डी काढल्या, त्यात ३० किलोहर्ट्झची वाहक लहर होती. ती वाचता यावी म्हणून नोरिओ शिबाटा यांनी हा आकार घडवला. चार चॅनलचं खूळ गेलं, सुई राहिली.

एखादं नाव सांगाल का? सगळ्यांचंच बजेट मोठं नसतं.

सुई बदलून वर चढता येईल अशी मालिका निवडा. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत बॉडी एकच. कॉनिकल, साधी इलिप्टिकल, न्यूड (अख्ख्या हिऱ्याची) इलिप्टिकल, मायक्रोलिनिअर आणि शिबाटा अशा सगळ्या सुया तीवर बसतात. आज 'ई' (साधी इलिप्टिकल) घ्या, पैसे साठले की फक्त 'एमएल' (मायक्रोलिनिअर) सुई आणा. स्क्रूही सोडायला नको. या मालिकेत दोन लोहचुंबक व्ही आकारात बसवलेले असतात, प्रत्येक भिंतीसाठी एक.

ऑर्टोफॉनच्या टू-एम मालिकेत रेड आणि ब्ल्यू यांची बॉडी एक, ब्राँझ आणि ब्लॅक यांची दुसरी. रेडवर ब्ल्यूची सुई चालते, ब्राँझची चालत नाही. रेड-ब्ल्यूतला मुख्य फरक इतकाच, की रेडचा हिरा धातूच्या खुंटीवर चिकटवलेला असतो आणि ब्ल्यूचा अख्खा हिरा असतो. कटची मापं दोघांचीही ८ आणि १८ मायक्रॉन. तरी टोकाचं वजन कमी झालं की वरची पट्टी साफ होते आणि माणसं वेगळी दिसायला लागतात.

केवळ मंचासाठी यांतलं एक निवडायचं तर मी व्हीएम९५एमएल घेईन. टू-एम ब्ल्यू थोडं जास्त चटकदार वाजतं, पहिल्या भेटीत छाप पाडतं. पण बाजूच्या शेवटापर्यंत शिस्त टिकवतं ते एमएल.

एमसी घेतल्याशिवाय खरा साउंडस्टेज मिळत नाही, असं म्हणतात.

म्हणणारे बरेच असतात. एमसीमध्ये सुईबरोबर हलणाऱ्या कॉइल चिमुकल्या असतात, इंडक्टन्स कमी असतो, त्यामुळे वरच्या पट्टीत केबलच्या कपॅसिटन्सचा (वीज साठवण्याच्या क्षमतेचा) खेळखंडोबा होत नाही. हे फायदे खरेच. पण आउटपुट मिलिव्होल्टच्या काही दशांशांत असतं. एमएमला ४० डेसिबलच्या आसपास गेन (संकेत वाढवण्याचं प्रमाण) पुरतो, एमसीला ६० लागतो. तेवढा गेन शांतपणे देणारा फोनो स्टेज (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणारा भाग) नसेल तर सुस्काऱ्यासारखी खरखर येते, आणि मंचाची खोली ज्या हळू आवाजांतून कळते तेच आवाज तिच्यात बुडतात. वर सुई झिजली की एमसी बहुधा पूर्णच बदलावं लागतं. फोनो स्टेज साधा असेल तर उत्तम कटचं एमएम घ्या.

डेनन डीएल-१०३ची सुई तर कॉनिकल आहे. मग लोक त्याच्या मंचाचं इतकं कौतुक का करतात?

अगदी रास्त शंका. हे कार्ट्रिज १९६०च्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी तयार झालं आणि आजही बनतं. सुई १६.५ मायक्रॉनची कॉनिकल, सुईचा दाब २.५ ग्रॅम, आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट. प्रसारणासाठी असल्याने दोन्ही चॅनल एकसारखे असणं ही मुळातलीच अट, आणि मधला पट्टा भरदार. गळ्याचा आवाज त्यावर समोर येऊन बसतो. लेबलजवळ मात्र भूमिती कुणालाच सोडत नाही. ज्यांना ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकायचं आहे त्यांना ते आवडेल. ज्यांना ऑर्केस्ट्रातली मागची रांग मोजायची आहे त्यांनी वाटेला जाऊ नये. आर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) मध्यम किंवा जड हवा.

कार्ट्रिज माझ्या आर्मला जुळेल की नाही, कसं ओळखायचं?

आर्मचं परिणामी वस्तुमान (सुईला जाणवणारं वजन), कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन यांची बेरीज करा. तिला कॉम्प्लायन्सने (सुईच्या आधाराच्या लवचिकतेच्या आकड्याने) गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ला त्याने भागा. उत्तर, म्हणजे आर्म आणि कार्ट्रिज मिळून ज्या वारंवारतेला डोलतात ती, ८ ते १२ हर्ट्झमध्ये आलं की ठीक. उदाहरण घ्या: आर्म १२ ग्रॅम, टू-एम रेड ७.२, स्क्रू साधारण ०.८, एकूण २०. कॉम्प्लायन्स २०. गुणाकार ४००, वर्गमूळ २०, उत्तर जवळजवळ ८. चालेल. जपानी कंपन्या कॉम्प्लायन्स बहुधा १०० हर्ट्झला मोजतात. त्या आकड्याची दीडपट ते दुप्पट धरा.

बसवताना सगळ्यात जास्त फरक कशाने पडतो?

अझिमथने. म्हणजे समोरून बघताना सुई खाचेत सरळ उभी आहे की एका बाजूला कलली आहे ते. हिशोब सोपा आहे: एका अंशाच्या कलामुळे एका चॅनलचा आवाज दुसऱ्यात उणे ३५ डेसिबलवर सांडतो. तीन अंशांना तो उणे २६ पर्यंत येतो, पाच अंशांना उणे २१. तुम्ही ३० डेसिबल सेपरेशनचे पैसे मोजलेत आणि हेडशेल (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज बसतं तो भाग) तीन अंश तिरकं बसवलंत, तर ते जास्तीचे पैसे पाण्यात.

थांबलेल्या प्लॅटरवर छोटा सपाट आरसा ठेवा आणि सुई हलक्या हाताने त्यावर टेकवा. समोरून बघितल्यावर सुई आणि तिचं प्रतिबिंब मिळून एक सरळ रेष दिसली पाहिजे. मधे कोपर वाकल्यासारखं दिसलं की कल आहे. टेक्निक्ससारख्या आर्मवर हेडशेलची चकती थोडी सैल करून किंचित फिरवता येतं. रेगाच्या आर्मवर तशी सोय नाही. तिथे कार्ट्रिज आणि हेडशेलमध्ये एका बाजूला कागदाची पातळ पट्टी घालतात.

आरसा फक्त हिरा सरळ आहे की नाही ते दाखवतो. आतल्या कॉइल सरळ आहेत की नाही हे मोजूनच कळतं. चाचणीच्या रेकॉर्डवर फक्त डाव्या, मग फक्त उजव्या चॅनलचा सूर असतो. तो संगणकावर रेकॉर्ड करा आणि रिकाम्या चॅनलमध्ये किती गळतंय ते बघा. दोन्हीकडची गळती जवळपास सारखी झाली की थांबा. आकडा अजून सुधारेल म्हणून सुई डोळ्यांना तिरकी दिसेपर्यंत हेडशेल फिरवत बसू नका. रेकॉर्ड खराब होतील.

ट्रॅकिंग फोर्स आणि अँटी-स्केट?

फोर्स, म्हणजे सुईचा खाचेवरचा दाब, कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात ठेवा. हलकी सुई रेकॉर्ड वाचवते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत आपटते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, आर्मवरच्या आकड्यांवर विसंबू नका.

आर्मला आत ओढणारा जोर असतो, त्यामुळे सुई केंद्राकडच्या भिंतीवर रेलते. त्याच्या उलट बाहेर ओढणारं अँटी-स्केट कमी पडलं तर काठाकडच्या भिंतीवरचा, म्हणजे उजवा चॅनल आधी फाटतो. डावा फाटत असेल तर अँटी-स्केट जास्त झालं.

जाड रेकॉर्ड लावली की दर वेळी आर्मची उंची बदलायची का?

नको. नऊ इंची आर्मचं मागचं टोक १ मिलिमीटर उचललं तर सुईचा कोन पाव अंश बदलतो. रेकॉर्डच्या जाडीतला फरक त्याहूनही कमी. एकदा आर्म रेकॉर्डला समांतर ठेवा आणि गाणं ऐका.

फोनो स्टेजवरच्या कपॅसिटन्सच्या खटक्यांना हात लावावा का?

एमएम असेल तर जरूर. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ला एकूण १०० ते २०० पिकोफॅरड सांगते, ऑर्टोफॉन टू-एमला १५० ते ३००. यात आर्मची वायर, केबल आणि फोनो स्टेज सगळं आलं. नुसती केबलच मीटरला शंभरेक खाते. कपॅसिटन्स जास्त झाला की वरच्या पट्टीत उंचवटा येतो आणि झांजा मंच सोडून थेट मांडीवर येऊन बसतात. केबल आखूड ठेवा.

गायक मधोमध येतच नाही. दोष कार्ट्रिजचा की आणखी कशाचा?

घरात एखादी मोनो एलपी असेल तर तीच तुमचं सर्वोत्तम चाचणीयंत्र. मोनो रेकॉर्डवर सगळं दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, एका अरुंद पट्टीत आलं पाहिजे.

- पट्टी सबंध एका बाजूला सरकलेली असेल तर पातळीचा फरक. आता अँप्लिफायरच्या मागे डावी-उजवी पिन अदलाबदल करा. पट्टी दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टर्नटेबलकडचा; तिथेच राहिली तर अँप्लिफायर, स्पीकर किंवा खोली.
- आवाज मधे पण 'स', 'श' बाजूंना उडत असतील तर अझिमथ, अँटी-स्केट किंवा झिजलेली सुई.
- आवाजाला जागाच नसेल, तो डोक्याभोवती तरंगत असेल आणि खर्ज गायब असेल, तर एका चॅनलच्या वायरी उलट लागल्या आहेत. हेडशेलचे रंग पाठ करून ठेवा: पांढरी डावी धन, निळी डावी ऋण, लाल उजवी धन, हिरवी उजवी ऋण.

ही शेवटची चूक फार फसवी. खूप जणांना ती 'भव्य साउंडस्टेज' म्हणून आवडते. सुरुवातीला म्हटलं ते हेच: जागा न सांगणारा पसारा म्हणजे मंच नव्हे.

आमच्याकडे आजोबांच्या एचएमव्हीच्या एलपी आहेत. त्यांच्यासाठी महाग कार्ट्रिज घेण्यात अर्थ आहे का?

आधी कव्हरवरचा क्रमांक बघा. ईएएलपी किंवा ईसीएलपीने सुरू होत असेल तर मोनो, ईएएसडी किंवा ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. मोनोत मंच शोधू नका, तो नाहीच. अँप्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर ते दाबा. खाचेतला उभा आवाज म्हणजे नुसती धूळ आणि ओरखडे, तो कापला जातो आणि गळा एकदम स्वच्छ होतो.

स्टिरिओ असतील तर प्रश्न झिजेचा. त्या काळी घरोघरी सिरॅमिक कार्ट्रिजचे, पाच-सहा ग्रॅम दाब देणारे चेंजर (रेकॉर्डी आपोआप बदलणारे प्लेअर) होते. त्यांच्या बोथट सुईने भिंतीचा एक ठरावीक पट्टा घासला. मायक्रोलिनिअर किंवा शिबाटा सुई भिंतीला वेगळ्या उंचीवरही टेकते, त्यामुळे कधी कधी न झिजलेला भाग सापडतो आणि दोन्ही बाजूंचे वादक पुन्हा वेगळे होतात. कधी उलटही होतं, तळाची घाण वर येते. म्हणून आधी धुवा. पावसाळ्यात कव्हरमध्ये बुरशी धरते, ती कोरड्या ब्रशने निघत नाही. डिस्टिल्ड वॉटर, किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड. ७८च्या लाखेच्या तबकड्यांना मात्र अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख विरघळते. बालगंधर्वांच्या ७८ वाजवायच्या तर सुईही वेगळी, साधारण ३ मिलची (सुमारे ७५ मायक्रॉन) लागते. एलपीची सुई तिथे तळात लोळत राहते.

आधी कार्ट्रिज बदलू की स्पीकर हलवू?

स्पीकर. फुकट आहे. टीव्हीच्या कपाटात कोंबलेले, एक कोपऱ्यात आणि एक दाराशी असलेले स्पीकर कुठल्याही कार्ट्रिजचा मंच गिळतात. भिंतीपासून हातभर पुढे आणा, दोघांमधलं आणि तुमच्यापर्यंतचं अंतर सारखं करा. वन बीएचकेत हे रोज जमत नाही. ऐकण्यापुरते ओढा आणि नंतर परत ढकला. जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवल्या की घरचेही कुरकुरत नाहीत.

सुई किती चालते?

ऑडिओ-टेक्निकाच्या अंदाजानुसार कॉनिकल ५०० तास, इलिप्टिकल ३००, शिबाटा ८००, मायक्रोलिनिअर १०००. एलपी ४० मिनिटांची धरली तर इलिप्टिकलवर साडेचारशे एलपी, मायक्रोलिनिअरवर दीड हजार. किंमत तासांनी भागून बघा, महाग सुई तितकी महाग राहत नाही.

जुन्या बाजारात बंद डब्यातलं विंटेज कार्ट्रिज मिळतंय. घ्यावं?

हिरा शाबूत असला तरी कॅन्टिलिव्हर (हिरा जिच्या टोकाला असतो ती बारीक दांडी) धरणारं रबर पन्नास वर्षांत कडक होतं किंवा लिबलिबीत होतं, आणि आपल्या हवेत लवकरच. रबर एका बाजूने बसलं की सुई तिरकी, मग अझिमथचं सगळं पुराण पुन्हा सुरू. नवी सुई मिळणार असेल तरच बॉडी घ्या. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं. त्यांच्या जुन्या बॉडीवर इतर कंपन्यांच्या सुया बसतात, पण त्यांच्या दर्जात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

नवं कार्ट्रिज पहिल्या दिवशी बंद बंद वाजतंय. परत करू का?

वीसेक तास द्या, रबर थोडं मोकळं होतं. तेवढ्यात ट्रॅकिंग फोर्स पुन्हा तपासा. पण एक चॅनल दुसऱ्यापेक्षा स्पष्ट हळू असेल किंवा कॅन्टिलिव्हर समोरून बघताना मधल्या रेषेवर नसेल, तर थांबू नका. ते वाजवून सुधारत नाही. परत करण्याची मुदत संपायच्या आत फोटो काढून दुकानदाराला पाठवा.